खुब्याची तक्रार, घोट्याचं कारण : एका वेटलिफ्टरचं प्रकरण

पार्श्वभूमी

वय 21. सहा वर्षांपासून वेटलिफ्टिंग. ओळख पटू नये म्हणून वजनगट आणि उचललेली वजनं इथे देत नाही. बाकीचे आकडे माझ्या नोंदवहीतले आहेत.

मी हाताने सांध्यांवर उपचार करणारी थेरपिस्ट. तो आणि त्याचे प्रशिक्षक एकत्रच आले. त्याची तक्रार होती की स्नॅचमध्ये, म्हणजे बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर नेण्याच्या प्रकारात, बार डोक्यावर घेऊन खाली बसलं की डाव्या खुब्यात ओढ बसते, आणि सरावानंतर रात्रभर तिथे ठणका राहतो. सरांची तक्रार वेगळी होती. "मॅडम, याचा बार सरळ बसतच नाही. डावं टोक पुढे जातं. हलक्या वजनाला कळत नाही, पण वजन चढलं की फिरतो आणि लिफ्ट पडते." अकरा आठवड्यांवर स्पर्धा होती.

माझ्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी खुब्यावर उपचार झाले होते. दोन्हीकडे मालिश, स्ट्रेचिंग आणि खुब्याचा सांधा हाताने मोकळा करणं असं सगळं झालं होतं. दर वेळी दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पहिली भेट, आणि माझी चूक

पहिल्या दिवशी मीही खुबाच तपासला. डावा खुबा आत वळवताना उजव्यापेक्षा थोडा कमी वळत होता. तेवढा धागा पकडून मी वीस मिनिटं त्या सांध्यावर काम केलं. तो उठून बसला आणि म्हणाला, "एकदम हलकं वाटतंय." मलाही बरं वाटलं. आधीच्या दोघांना जे दिसलं होतं तेच मला दिसलं आणि त्यांनी जे केलं होतं तेच मी केलं, हे त्या वेळी लक्षात आलं नाही. त्याला मी एकदाही बूट काढून खाली बसायला सांगितलं नव्हतं.

तीन दिवसांनी तो परत आला तेव्हा ठणका होता तसाच होता. त्या दिवशी मी त्याला सरावाच्या हॉलमध्येच गाठलं. प्लॅटफॉर्मच्या मागे, बरोबर मध्यावर, खडूने एक उभी रेघ मारली आणि मोबाइल तिच्या रेषेत ठेवला. रिकामा बार, पूर्ण बैठक. लिफ्टिंगचे बूट घालून केलं तेव्हा कंबर रेघेच्या किंचित डावीकडे सरकली. मग बूट काढायला लावले. अनवाणी बसताना कंबर सरळ सरळ डावीकडे घसरली, उजवी टाच उचलली गेली आणि उजवा पंजा बाहेर वळला.

लिफ्टिंगच्या बुटाची टाच साधारण दोन सेंटीमीटर उंच आणि कडक असते. घोटा जिथे कमी पडतो ती उणीव ही टाच भरून काढते. वजन हलकं असेपर्यंत ती पुरते.

मग मी उजव्या टाचेखाली दोन छोट्या प्लेट ठेवल्या, फक्त उजव्या, आणि पुन्हा बसायला सांगितलं. कंबर रेघेवर आली. बारही जवळजवळ सरळ झाला. सर मागे उभे होते, ते काही बोलले नाहीत. त्यांनी प्लेट काढल्या, त्याला पुन्हा बसवलं, पुन्हा ठेवल्या, पुन्हा बसवलं. चार वेळा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे खुबा नाहीच."

खुबा दुखत होता हे खरंच होतं. उजवा गुडघा पुढे जायला घोटा जागा देत नव्हता, म्हणून उजवी बाजू मागे राहायची, धड तिकडे वळायचं आणि भार डाव्या खुब्यावर पडायचा. सात महिने तो खुबा दोघांचं काम एकटा करत होता.

अडचण नेमकी कुठे

तेव्हा कुठे मी विचारलं, उजवा घोटा कधी मुरगळला होता का. "हो, सात महिन्यांपूर्वी. धावताना." त्या दिवशी चार पावलंही टाकता आली नव्हती. दोन आठवडे सुजलेला होता, सूज उतरल्यावर सराव सुरू केला. एक्स-रे काढला नव्हता.

इथे मी थांबले. घोटा मुरगळल्यावर एक्स-रे कधी काढायचा यासाठी 1992 पासून प्रचारात असलेले ओटावा नियम आहेत. त्यातला एक मुद्दा अगदी साधा आहे : चार पावलं टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा. तो कधी निघालाच नव्हता. सांध्यावर हाताने जोर देण्याआधी आत काय आहे हे कळायला हवं, म्हणून त्या दिवशी काहीही न करता त्याला अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. सरांना दोन दिवस वाया गेल्यासारखे वाटले आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. या प्रकरणात मला सगळ्यात कमी शंका असलेला निर्णय हाच आहे. एक्स-रेत जुन्या फ्रॅक्चरची खूण नव्हती आणि सांध्याच्या पुढच्या काठावर वाढलेलं हाडही दिसलं नाही.

मग मोजमाप. भिंतीसमोर पाय ठेवायचा, टाच जमिनीवर दाबून ठेवायची आणि गुडघा भिंतीला टेकवायचा. टाच न उचलता अंगठा भिंतीपासून जितका लांब नेता येईल तितके सेंटीमीटर लिहायचे. डावा 11, उजवा 6. यात एक सेंटीमीटर म्हणजे ढोबळमानाने घोट्याचे साडेतीन अंश, म्हणजे दोन पायांत सतरा-अठरा अंशांचा फरक.

पण हा आकडा कमी का आहे ते आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी एक प्रश्न विचारावा लागतो आणि तो मी आता प्रत्येकाला विचारते : शेवटी अडतं तेव्हा मागे ओढतं की पुढे अडतं? पोटरी आखडली असेल तर माणूस मागे हात लावतो. त्याने बोट घोट्याच्या पुढच्या घडीवर ठेवलं. "इथे. दुखत नाही. नुसतं थांबतं, दाराला काहीतरी लागल्यासारखं." गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दोन्ही तऱ्हांनी तपासलं. वाकवल्यावर पोटरीचा वरचा मोठा स्नायू सैल पडतो, तरीही हालचाल वाढली नाही. म्हणजे संशय सांध्यावर आणि त्याला चिकटून असलेल्या खोल स्नायूवर, सोलियसवर.

घोट्याची रचनाच अशी आहे की तिथे अडायला जागा असते. नडगीची दोन हाडं खाली मिळून एक खाच करतात आणि टॅलस नावाचं हाड त्या खाचेत बसतं. टॅलसचा माथा पुढे रुंद, मागे अरुंद असतो. गुडघा पुढे गेला की टॅलसला मागे सरकावं लागतं आणि त्याचा रुंद भाग खाचेत घट्ट बसतो. मुरगळल्यानंतर बरेच दिवस पाय त्या टोकापर्यंत नेलाच नाही, तर तेवढीच शेवटची हालचाल आधी जाते.

एक विसंगतीही दिसली. टाच पुढे ओढून पाहिली तर बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध डाव्यापेक्षा सैल लागत होता. एकाच घोट्यात एका दिशेला सैलपणा आणि दुसऱ्या दिशेला ताठरपणा! मुरगळलेल्या घोट्यांत हे नवं नाही, पण उपचार निवडताना ते डोळ्यांसमोर राहायला हवं.

पर्याय

सरांच्या मनात पहिला पर्याय होता बुटाची उजवी टाच वाढवायचा. स्पर्धेपर्यंत वेळ निभावून न्यायला तो वाईट नव्हता, आणि तो मी पूर्णपणे नाकारलाही नाही. पण घोट्याला पुढे जायची गरजच उरली नाही, तर जी हालचाल आहे तीही हळूहळू जाईल, अशी मला भीती होती.

नुसतं पोटरीचं स्ट्रेचिंग त्याने आधीच पाच महिने केलं होतं. अडथळा पुढे असेल तर मागचं कितीही ताणलं तरी तो तिथेच राहतो.

तिसरा पर्याय म्हणजे सांध्याला एकच झटका देणं, ज्यात कट् असा आवाज येतो. खेळाडूंना हा प्रकार आवडतो. मी तो दोन कारणांनी टाळला. सैल अस्थिबंध असलेल्या घोट्यावर तो माझ्या हाताला पटला नाही. आणि आवाज आला की खेळाडूच्या डोक्यात पक्कं बसतं की हाड निसटलं होतं, ते आता जागेवर आलं. पुढे स्वतः मेहनत घ्यायची वेळ येते तेव्हा ही समजूत आड येते.

राहिलं ते मोबिलायझेशन, म्हणजे झटका न देता हाताने सावकाश, लयीत सांधा हलवणं. याला काही आधार आहे. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीत, ताज्या मुरगळीवर टॅलस मागे ढकलण्याचं हलकं मोबिलायझेशन दिलेल्यांना घोट्याची वेदनारहित हालचाल परत मिळायला कमी बैठका लागल्या होत्या. पण ती दुखणी तीन दिवसांच्या आतली होती आणि हे सात महिन्यांचं. त्यामुळे मी त्याला आणि सरांना सांगितलं की हा प्रयोग आहे. तीन बैठकांत त्याच दिवशी मोजून दीड सेंटीमीटरही वाढलं नाही, तर हा रस्ता सोडायचा. दीड यासाठी, की एकाच माणसाने मोजलं तरी दोन मापांत सेंटीमीटरभर इकडेतिकडे होतंच.

काय केलं

त्याला उताणं झोपवून टाच टेबलाच्या कडेबाहेर ठेवली. एका हाताने नडगी खालून धरली. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांमधली खाच घोट्याच्या पुढच्या घडीत, बरोबर टॅलसवर बसवली आणि सरळ खाली, जमिनीकडे दाबत गेले. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी या दाबाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. मी तिसरीवर राहिले, म्हणजे हालचाल जिथे अडते तिथपर्यंत मोठ्या लयीत जायचं आणि परत यायचं. मिनिटभर, तीन वेळा. पहिल्या फेरीत हाताला ओल्या लाकडासारखं लागत होतं. तिसऱ्या फेरीत शेवटी किंचित लवचीकपणा आला.

नंतर उभं राहून. न्यूझीलंडचे ब्रायन मलिगन यांच्या पद्धतीत थेरपिस्ट सांधा एका दिशेला धरून ठेवतो आणि हालचाल खेळाडू स्वतः करतो. बाकावर त्याचा उजवा पाय, नडगीच्या मागून पट्टा माझ्या कमरेला, आणि माझे हात टॅलसवर घट्ट. मी मागे रेलले की पट्टा नडगीला पुढे ओढतो, आणि त्याच वेळी तो गुडघा पुढे नेतो. दहा वेळा, तीन फेऱ्या. यात अट एकच : दुखता कामा नये. दुखलं तर दिशा किंवा जोर चुकतोय.

6 वरून 8. त्याच दिवशी, त्याच भिंतीपाशी. त्याने अनवाणी बैठक मारली, कंबर रेघेच्या बरीच जवळ आली. तो हसला. सरांनी व्हिडिओ दोनदा पाहिला.

अडलेले दोन आठवडे

पुढच्या पाच बैठकांच्या नोंदी एकमेकींची नक्कल वाटाव्यात अशा आहेत. आला तेव्हा 6.5, गेला तेव्हा 8. आला तेव्हा 6.5, गेला तेव्हा 8. प्रयोगाच्या अटीनुसार उपचार लागू पडत होता. प्रत्यक्षात तो तिथल्या तिथे फिरत होता, आणि दर वेळी जाताना 8 दिसत असल्यामुळे ते मला दिसायला दोन आठवडे लागले.

याच काळात आणखी एक गोष्ट झाली. त्याने एका मित्राला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं, "हाड पुढे सरकलेलं, मॅडम बसवतात, पण परत सरकतं." माझ्या पोटात धस्स झालं. हे मीच बोलले होते. पहिल्या बैठकीत समजावताना "टॅलस थोडा पुढे राहतोय" असं सहज म्हणून गेले होते. हाताच्या काही मिनिटांच्या दाबाने हाड कायमचं नव्या जागी बसत नाही. लगेच जो फरक दिसतो त्यातला बराचसा मज्जासंस्थेचा असावा असं आज मानलं जातं : शरीर त्या टोकाला जायला घाबरत होतं, ते थोडा वेळ परवानगी देतं. ही परवानगी तासाभरात मावळू शकते. ती टिकायची तर त्या टोकाला जाऊन तिथे भार पेलावा लागतो.

आणि तो भार पेलतच नव्हता. माझ्याकडची वेळ दुपारची, सराव संध्याकाळी. मधले चार-पाच तास तो बसलेला असायचा. सराव सुरू करायचा तो उंच टाचेच्या बुटांत. मिळवलेले दोन सेंटीमीटर एकदाही कामाला लागत नव्हते.

तिसऱ्या आठवड्यापासून सगळं बदललं. टेबल सोडून मी हॉलमध्ये जायला लागले, सरावाच्या आधी दहा मिनिटं. मोबिलायझेशन संपलं की त्याच मिनिटाला अनवाणी बैठका : छातीशी वजन धरून, खाली पाच सेकंद थांबून, उजवा गुडघा मुद्दाम पुढे ढकलत. मग पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खालपर्यंत सोडायची आणि उचलायची, गुडघा वाकवून, वजन घेऊन, म्हणजे सोलियसला टोकापर्यंत ताकद लावावी लागते. घरी रोज दोनदा, रबरी बँड घोट्याच्या पुढच्या घडीत घालून, मागे बांधून, गुडघा पुढे नेण्याचे पंधरा झोके. शिवाय एका पायावरचा तोल, कारण सैल अस्थिबंध अजून होताच.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी तो आला तेव्हाच 8.5 होतं. मी अजून हात लावला नव्हता. पहिल्या दिवसाच्या 8 पेक्षा त्या 8.5 चा आनंद कितीतरी जास्त होता. खुब्याचा ठणकाही त्याच आठवड्यात थांबला. खुब्याला पहिल्या दिवसानंतर कोणी हात लावला नव्हता.

कामगिरी घसरली तेव्हा

याची पूर्वसूचना मी दिली नव्हती, आणि द्यायला हवी होती. पाचव्या आठवड्यात तो नेहमीच्या वजनाच्या 85 टक्क्यांवर स्नॅच सोडायला लागला. बार मागे पडायचा. कंबर रेघेवर, बार सरळ, आणि तरी लिफ्ट जात होती.

सर चिडले नाहीत, पण त्यांनी नेमका प्रश्न विचारला : "आधी वाकडा होता, पण उचलत होता. आता सरळ आहे आणि पडतोय. सहा आठवड्यांत काय करायचं मी?"

पर्याय दोनच होते. घोट्याचं काम स्पर्धेपर्यंत थांबवून जुन्या वाकड्या पण सवयीच्या तंत्रावर परत जायचं, किंवा वजन उतरवून नव्या बैठकीवर तंत्र बसवायचं. मी बाजू मांडली की सहा वर्षांचं टायमिंग एका विशिष्ट खोलीवर बसलेलं आहे. ती खोली बदलली आहे, बार पकडण्याची जागा बदलली आहे, आणि त्या जागेवर ताकद अजून यायची आहे. पण निर्णय सरांचा होता आणि तसाच असायला हवा होता. त्यांनी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी वजन 70 टक्क्यांवर आणलं आणि दोन आठवडे तिथेच ठेवलं, प्रत्येक लिफ्टमध्ये तळाला थांबवून. हा धीर त्यांचा होता. माझं त्यात काही नाही.

हाताचे उपचार आठवड्यात तीनवरून एकवर आणले आणि सातव्या आठवड्यात बंद केले. त्याला हे आवडलं नाही. "निदान स्पर्धेच्या सकाळी तरी करा." मी नाही म्हटलं. त्या सकाळी मी तिथे नसेन, किंवा पुढच्या स्पर्धेत नसेन, तेव्हा काय? बँड आणि भिंत दोन्ही त्याच्याजवळ होते.

निष्पत्ती

स्पर्धेच्या आधी उजवा घोटा 9.5. सहापैकी पाच लिफ्ट वैध ठरल्या. स्नॅचमध्ये त्याने आपली जुनी सर्वोत्तम कामगिरी गाठली, ओलांडली नाही. चार महिन्यांनी तीन किलोंनी ओलांडली, पण तोवर सराव, ताकद, वय सगळंच पुढे गेलं होतं. ते तीन किलो घोट्याच्या नावावर लिहिण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. कंबर रेघेवर राहते, खुबा दुखत नाही आणि तो अनवाणी खाली बसू शकतो, इतकं मात्र निश्चित.

आज असतं तर

पहिल्याच भेटीत बूट काढायला लावले असते आणि टाचेखाली प्लेट ठेवून पाहिलं असतं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्याने एक अख्खी बैठक वाचली असती. जुन्या दुखापती विचारताना दुखऱ्या भागापुरतं न विचारता डोक्यापासून पायापर्यंत विचारलं असतं.

"पुढे सरकलंय", "बसवते" असे शब्द वापरले नसते. आता मी म्हणते, "घोटा या टोकाला जायचं विसरलाय. मी थोडा वेळ वाट मोकळी करते, चालायचं तुला आहे." बरं वाटलं की खेळाडू हेही विसरतो, म्हणून दर वेळी म्हणते.

मोजमाप बैठकीनंतर न करता आल्या आल्या केलं असतं, आणि तोच आकडा मोठ्या अक्षरात लिहिला असता. दोन आठवडे मी चुकीच्या रकान्याकडे बघत होते.

कामगिरी आधी घसरेल हे सरांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं. अकराऐवजी पाच आठवडे हातात असते तर मी कदाचित स्पर्धा होईपर्यंत घोट्याला हात लावला नसता आणि उजव्या टाचेखाली उंची देऊन त्याला खेळवलं असतं. हा निर्णय मला आजही सोपा वाटत नाही.

आणि डावा घोटा मी पहिल्या दिवसानंतर मोजलाच नव्हता. सहा महिन्यांनी सहज मोजला तर 12 निघाला. अनवाणी बैठकांचा फायदा त्यालाही झाला होता. उजवा 9.5 वरच आहे. म्हणजे अडीच सेंटीमीटरचा फरक अजून उरला आहे. सर, तो आणि मी यावर बोललो. बार सरळ आहे, कंबर मध्यावर आहे, दुखत काही नाही, म्हणून सध्या त्या फरकाच्या मागे लागायचं नाही असं ठरवलंय. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो भिंतीपाशी दोन्ही पाय मोजतो आणि आकडे पाठवतो.